विहिरीचा दोर

शिंपी परमुलखातला. अख्ख्या गावाच्या अंगावर त्याने शिवलेले कपडे, तरी गाव त्याला ‘पाहुणा’च म्हणे. आणि पाहुणा दाराला दोन कड्या लावून बसे. त्याच्या देशात शेजाऱ्यांनीच शिपायांना त्याच्या घराकडे बोट दाखवलं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्याला काय नावं ठेवायची!

एके दिवशी लोहार दारात उभा. “उद्या विहिरीतला गाळ काढायचाय. नव्या घरचा माणूस पहिला उतरतो, आमची रीतच आहे. ये मग.”

तो गेल्यावर बायको म्हणाली, “जाऊ नका हो! दोर सोडला तर? पाय घसरला म्हणतील, झालं.”

“आणि नाही गेलो तर इथे राहायचं कुठल्या तोंडाने?” त्याने ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी आधी पेटता कंदील विहिरीत सोडला. तो विझला नाही, म्हणजे आतली हवा चांगली. मग पाहुण्याच्या कमरेला दोर बांधला. दोराला लोहार, वाणी आणि आणखी चार दांडगे. पाहुण्याने पाय आत सोडले. त्याने डोळे मिटून घेतले.

गुडघाभर गाळात उभं राहून त्याने घमेली भरली. त्याला वर ओढताना मात्र दोर सटकन हातभर खाली आला. सोडला! शेवटी सोडलाच! तो आपल्या भाषेत किंचाळला.

“बोंबलू नकोस रे!” वरून वाणी ओरडला. “हात बदलतोय. खातोस तरी काय एवढं?”

वर आला तेव्हा तोंड पांढरंफटक. सगळे हसले, कुणी पाठ थोपटली. सुटलो एकदाचा, असं त्याला वाटलं. तोच लोहाराने त्याच्या कमरेचा दोर सोडून आपल्या कमरेला बांधला.

“आता माझी पाळी. माझ्या जागी, सगळ्यांत पुढे, पाहुणा धरेल.”

“मी? नको, नको! हात बघा माझे, कसे थरथरताहेत!”

“तू खाली होतास तेव्हा माझेही थरथरत होते,” लोहार म्हणाला.

लोहाराची म्हातारी आई काठाशी उभी होती. “नीट धर हो बाबा,” एवढंच ती बोलली.

पाहुण्याने दोर पाठीमागून घेतला, टाचा मातीत रोवल्या. मागे वळूनही न बघता लोहाराने पाय आत सोडले, आणि पहिला भार पाहुण्याच्या हातांवर आला. इतका तो विहिरीच्या तळाशीही घाबरला नव्हता.