नवऱ्याचं नाव फाडकन सांगणारी बाई

“नवऱ्याचं नाव?” मी विचारलं.

“गंगाधर ज्ञानोबा,” बोरीच्या बाईनं फाडकन सांगितलं. बापाच्या नावासकट.

पुण्याहून कळवलेल्या नावाशी जुळलं. रूलप्रमाणे मी पुण्याची लाईन जोडून दिली आणि मग माझं डोकं भणभणायला लागलं.

एसटीडी यायच्या आधीची गोष्ट. परभणीच्या एक्स्चेंजमध्ये मी ट्रंक ऑपरेटर होते. पुण्याच्या माणसाला बोरीला बोलायचं असलं, तर पुण्याची ऑपरेटर मला सांगायची आणि मी बोरीच्या पोस्टातल्या फोनला प्लग लावायची. त्यातला पी. पी. कॉल म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. ज्याचं नाव दिलंय त्याच माणसाशी बोलणं. पोस्टातून निरोप जायचा, माणूस धापा टाकत यायचा, आणि तो तोच आहे याची खात्री आम्ही करायची. चेहरा दिसायचा नाही. आवाजाचं म्हणाल, तर त्या लाईनवर बायको काय आणि तहसीलदार काय, सगळे विहिरीतून बोलल्यासारखे. म्हणून नाव विचारायचं. पुरुषाला बापाचं, बाईला नवऱ्याचं. हा रूल कुणी काढला देव जाणे, बहुतेक बिनलग्नाच्या माणसानं.

कारण आमच्याकडची बाई नवऱ्याचं नाव घेतच नाही. दवाखान्यात विचारा, रेशनच्या दुकानात विचारा, ती शेजारणीला पुढं करते. उखाण्यात घेते, तेही चारजणींनी दार अडवल्यावर. बोर्डावर रोज माझी हीच डोकेफोड. “बाई, नाव सांगा.” “अगं बाई, कसं सांगू!” आणि ही बया हजेरी दिल्यासारखी सांगून मोकळी झाली.

लाईन नीट लागली का हे बघायला सुरुवातीची दोन वाक्यं आम्ही ऐकायचो. मीही ऐकली.

“रुक्मीण, खोली मिळाली गं,” पुण्याचा नवरा ओरडून सांगत होता. “मालक आज सांजंपर्यंत थांबतो म्हणलाय, न्हाई तर दुसऱ्याला देणार हाय. येतीस ना?”

“मी न्हाई यायची. हितंच बरं हाय.”

पुण्याचा आवाज एकदम खाली आला. “अगं, तूच तर म्हणली होतीस, खोली बघा म्हणून.”

मी बोरीची बाजू बंद केली आणि मधे बोलले. “परभणी बोलतेय. बोरीला तुमच्या घरी कोण कोण असतं?”

“आई, थोरला भाऊ, वहिनी. का हो?”

“ठेवू नका. थांबा.”

पाठीमागे सुपरवायझर साहेब उभे. “बाई, पार्टीचं बोलणं मधेच तोडलंत?”

“साहेब, ती बाई खोटी आहे.”

“नाव जुळलं ना?”

“जुळलं म्हणूनच.”

मला रजेची गरज आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी पुण्याची बाजू बंद करून बोरीची उघडली.

“बाई, तुमच्या थोरल्या दिराचं नाव सांगा.”

पोस्टमास्तर मागं शिक्के आपटत होते, तेवढाच आवाज.

“अहो, नवऱ्याचं सांगितलंत, दिराचं सांगायला काय झालं?”

“ते... त्यांचं न्हाई घेत मी.”

“का? तो तुमचा नवरा आहे का?”

बाई रडायलाच लागली. “मी थोरली जाऊ हाय तिची. सासूबाईंनी धाडलं मला. कापूस फुटलाय, मानसं मिळनात. ती गेली तर मी एकटीनं किती वेचू?”

असा संताप आला म्हणता! “तुमच्या कापसापायी तिचा संसार मोडता काय? आत्ताच्या आत्ता तिला घेऊन या.”

खरं म्हणजे पुण्याला मीच सांगू शकले असते. पण ऑपरेटरनं कुणाचा निरोप सांगायचा नाही, हाही रूल. कॉल पेंडिंग ठेवला. जाऊ स्वतःच शेताकडे पळत गेली, असं पोस्टमास्तर म्हणाले.

दुपार कलली तशी मी सारखी घड्याळाकडे बघायला लागले. खोलीमालक काय माझी वाट बघत बसणार होता? शेवटी बोर्डावर बोरीचा दिवा लागला.

“आली बघा,” पोस्टमास्तर म्हणाले.

या वेळी साहेबांनी स्वतः हेडफोन लावला. “नवऱ्याचं नाव?”

नुसती धाप ऐकू येत होती.

“बाई, रूल आहे. नाव सांगावं लागतं.”

“मला न्हाई घेता यायचं, साहेब. तुमीच घ्या की. मी हां म्हणते.”

साहेबांनी हेडफोन काढला. “ओळख पटत नाही. कॉल कॅन्सल.”

“साहेब, जिनं सांगितलं ती खोटी निघाली.”

“मग रिपोर्टमध्ये काय लिहू? नाव सांगितलं म्हणून खोटी, नाही सांगितलं म्हणून खरी?”

“तुमच्या मिसेस घेतात का तुमचं नाव?”

साहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “जोडा.”

मी पुण्याची लाईन जोडली.

“अहो,” रुक्मीण म्हणाली. “मी हाय.”

तेवढ्या एका ‘अहो’नं पुण्याच्या माणसाची खात्री पटली. “येतीस का?”

“कवा निघू?”

पुढं दोघंही गप्प. लाईनवर बोलणं नसलं की तोडायची असा नियम होता. मी तोडली नाही, साहेबांनीही सांगितलं नाही. मला लय बरं वाटलं, रडूही आलं. त्या वर्षी तो कापूस कुणी वेचला, मला माहीत नाही. थोरल्या जावेचीही नंतर कीव आली, पण नंतर.

दुसऱ्या दिवसापासून मी बायांना नवऱ्याचं नाव विचारायची, पण जी अडखळेल तिला जोडून द्यायची. रिपोर्टमध्ये साहेब ‘ओळख पटली’ एवढंच लिहायचे.

आता मी रिटायर आहे. बँकेला फोन केला की तिकडची मुलगी माझं नाव, जन्मतारीख, आईचं नाव विचारते. मी सगळं फाडफाड सांगते. ती लगेच म्हणते, “थँक्यू मॅडम, व्हेरिफिकेशन झालं.”

मी तिच्या जागी असते, तर इतकं फाडफाड सांगणाऱ्या बाईला लाईन दिली नसती.