खंडे नवमीला पुजलेली गाडी

गाडीच्या कामाला मी मिस्त्री लावत नाही. बायको याला कंजुषी म्हणते, मी हौस म्हणतो. गेल्या नवरात्रात मोटारसायकलच्या मागच्या डिस्क ब्रेकचे पॅड झिजले, तेव्हाही अष्टमीच्या संध्याकाळी अंगणात पोतं अंथरून मीच ते बदलले. एरवी इतकी घाई केली नसती, पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती गाडी मुलीच्या हातात जाणार होती.

तिला कळंबला रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरी लागली होती, आयुष्यातली पहिलीच. सकाळी आठला हजर व्हायचं, आणि आमच्या गावात एसटीच साडेआठला येते. घरात आठवडाभर वाद चालला. शेवटी "गाडीचं मी बघतो, जाऊ द्या तिला" असं मीच म्हणालो. कळंबला जायला आमच्या गावाहून आधी येरमाळ्याकडे निघालं की एक लांब उतार लागतो, आणि तो उतरून माणूस थेट मोठ्या रस्त्यावर ट्रकांपुढं येतो. शब्द देताना माझ्या डोळ्यांसमोर तोच उतार होता.

खंडे नवमीला आमच्याकडे घरातलं सगळं लोखंड धुऊन पुसून पुजतात. कोयता, विळा, कुऱ्हाड, कुळवाची पास, आणि आता गाडीही. पुजलेली वस्तू त्या दिवशी जागची हलवायची नाही, हा माझ्या वडिलांचा दंडक. त्यांना घरात सगळेच आप्पा म्हणतात. ऐंशी ओलांडली तरी पूजेची मांडामांड तेच करतात, आणि घरातून निघणाऱ्या गाडीच्या सीटवर दोनदा थाप मारल्याशिवाय तिला जाऊ देत नाहीत. पूर्वी ही थाप बैलाच्या पाठीवर पडायची. तर त्यांच्या दंडकामुळं मला गाडी चालवून बघायला दसऱ्याची सकाळ उजाडावी लागली.

गल्लीच्या तोंडाशी मागचा ब्रेक दाबला, आणि गाडी दाबलाच नसल्यासारखी पुढं गेली. पुढचा ब्रेक होता म्हणून निभावलं. नवे पॅड बसायला थोडा वेळ घेतात, असं स्वतःला समजावत मी चार-पाच किलोमीटर चालवली. फरक पडला नाही. ब्रेकच्या नळीत हवा अडकली असेल म्हणून घरी येऊन मुलीला पेडल दाबायला बसवलं आणि हवा काढली. पेडल दगडासारखं घट्ट झालं, तरी चाक धरत नव्हतं. मग मी नेहमीचं केलं, दुसऱ्यावर घसरलो. "तूच शिकताना पेडलवर पाय ठेवून चालवत होतीस, डिस्कची वाट लावलीस," असं तिला बोललो. पॅड परवाचे आणि तिनं गाडीला आठवडाभर हात लावलेला नाही, हे मला बोलून झाल्यावर सुचलं.

आता उद्या काय करायचं, या एकाच विचारानं डोकं धरलं होतं. नको जाऊ म्हणालो तर नोकरी पहिल्याच दिवशी बोंबलणार. जा म्हणालो तर तो उतार. मी तिला मागं बसवून पुन्हा एक चक्कर मारली, ब्रेक दाबून धरून, जिद्दीनं.

"पप्पा, वास येतोय," ती मागून म्हणाली. "फोडणी दिल्यागत."

मी उतरून चाकाशी वाकलो. तापलेल्या डिस्कवरून करडीच्या तेलाचा खमंग वास येत होता.

आप्पा ओट्यावर आपट्याची पानं निवडत होते. चाकाला कोणी हात लावला, असं मी तिथूनच विचारलं.

"म्या तेल लावलं," ते सहज म्हणाले. "उघडं लोखंड व्हतं. कोयत्यावानी गंज चढला असता. पोरगी बसणार म्हून दोन डाव पुसलं."

"पोरीचा जीव गेला असता तुमच्या तेलापायी," मी म्हणालो.

हे वाक्य मला आजही परत घेता येत नाही. आप्पांच्या हातातलं पान तसंच राहिलं.

तेल प्यायलेले पॅड पुसून भागत नाही. मी शेजाऱ्याची गाडी घेऊन कळंब गाठलं. ओळखीच्या दुकानदारानं सणाच्या दिवशी अर्धं शटर उघडून नवा जोड दिला. घरी येऊन डिस्क पेट्रोलनं धुतली, कोरड्या फडक्यानं पुसली, पॅड बसवले. चावी लावतो तोच आप्पा धोतर खोचून समोर आले. "चल. म्या बसतो मागं."

आप्पांना मोटारसायकलची धास्ती. एसटी नसली तर ते पायी जातात, पण गाडीवर बसत नाहीत. मी नको म्हणालो, तर ते बसलेसुद्धा. आम्ही उताराला लागलो. त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. मी मागचा ब्रेक दाबला. पहिल्यांदा थोडं घसरून चाकानं धरलं.

"फिरून दाब," ते म्हणाले.

तो उतार आम्ही चार वेळा उतरलो. चौथ्यांदा गाडी मला हवी तिथं उभी राहिली, तेव्हा त्यांची बोटं सैल झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी डबा घेऊन निघाली. आप्पा दारात उभे होते, पण दोन्ही हात पाठीमागं बांधून. पहाटे ते साबणानं दोनदा हात धूत असल्याचं बायकोनं पाहिलं होतं. कालचं मनावर घेऊ नका, एवढं मी म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही.

मुलीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि एकदा माझ्याकडं. मग गाडी दोन पावलं मागं घेतली, सीट बरोबर त्यांच्यापुढं आणली आणि इंजिन बंद केलं.

"आप्पा, उशीर होतोय मला," ती म्हणाली, आणि थाप पडेपर्यंत तिनं चावी फिरवली नाही.