बयनाबाईचा भुईनिंब

"मले कोंडून काऊन ठेवलं वं? हात थरथरून राहिले माये!" दारू सोडवायला आणलेला झितरू आतून ओरडत होता.

"थरथरू दे. भुईनिंबाचा काढा पी, दारू सुटते," बाहेरून वैदीण बयनाबाई म्हणाली. शेजारच्या बाया कुडाआडून ऐकून हसल्या.

तिसऱ्या दिवशी झितरूला झटके आले आणि तो गेला. तिरोड्याचे डॉक्टर म्हणाले, रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडायची नसते, त्याला दवाखान्यात आणायचं असतं. बयनाबाईच्या पाल्यानं तोंड कडू झालं, झटके थांबले नाहीत.

तरी पिणारे तिच्याच दारी येत. दवाखाना म्हटलं की पळत, काढा म्हटलं की मुकाट बसत. म्हणून ती पेलाभर काढा पाजायची आणि तसंच माणसाला एसटीत घालून तिरोड्याला न्यायची.

"वैदीण कशाची, दवाखान्याची दलाल!" लोक म्हणत.

"हो बापू, एक रोगी घरीच मारला ना मी," ती म्हणे.

मरायच्या आदल्या दिवशी, अंगात ताप असताना, तिनं खुशाल नावाच्या एका पिणाऱ्याला तसंच तिरोड्याच्या दवाखान्यात नेलं. त्याच्या नावाची चिठ्ठी काढली. "किती पितोस ते डॉक्टरले खरं सांगजो," म्हणाली, आणि नाव पुकारेपर्यंत त्याचा हात धरून बाकावर बसली.