शालूच्या खबरबातीतली एक ओळ

शालू गेल्याचं मला चार दिवस उशिरा कळलं, आणि त्यात दोष पोस्टाचा नाही, फोनचा नाही, माझा आहे. मेल वेळेवर आली होती. वर शालूच्या प्रत्येक पत्रासारखंच लिहिलं होतं, 'खबरबात'. ते पाहिलं आणि माझं नेहमीचं सुरू झालं. आता काय असेल... एखादा पुरस्कार, नाहीतर कुठल्या तरी देशात प्रदर्शन. उद्या बघू म्हणून मी फोन उलटा ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. उद्याचा परवा झाला. चौथ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत उघडली, तर आत दोनच ओळी. शालिनी सोमवारी सकाळी गेली, मूल तालुक्यातल्या तिच्या गावीच सगळं उरकलं. खाली तिच्या यजमानांचं, दिनकरभाऊंचं नाव. भाऊंना मेलमधलं एवढंच येतं, शालूच्या यादीवर बोट ठेवलं की सगळ्यांना जातं. नागपूरहून, बडोद्याहून माणसं येऊन गेली होती. मी वरोऱ्याची, दोन-अडीच तासांवरची, तेवढी राहिले.

वाचकांना शालिनी चित्रकार म्हणून, क्युरेटर म्हणून, कलेच्या प्राध्यापक म्हणून ठाऊक असेल. मला ती माहीत आहे ती चंद्रपूरच्या चित्रकला शिक्षक पदविकेच्या वर्गात माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी मुलगी म्हणून. तिचे वडील तळ्यात मासे धरायचे, जाळी विणायचे. माझे बाबा गडचांदूरला सिमेंट कारखान्यात टाइमकीपर. माझ्याकडे रंगांची नवी पेटी, तिच्याकडे दोन पेन्सिली आणि कोळसा. आमचे सर वर्गात फिरताना माझ्या कागदाशी थांबायचे, "छान" म्हणायचे आणि पुढे व्हायचे. शालूच्या कागदाशी ते नुसते उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत, पण हलायचेही नाहीत. मी घड्याळात पाहायचे. तेव्हापासून आजतागायत, सत्तावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवते आहे, पण एकाही मुलीच्या कागदावर मी 'छान' लिहिलेलं नाही.

पदविका झाली, मला वरोऱ्यात नोकरी लागली, लग्न झालं. शालू पुढे शिकायला नागपूरला गेली, तिथून बडोद्याला, आणि परत आली ती प्राध्यापक होऊन. मग ती इतरांची प्रदर्शनं मांडायला लागली. क्युरेटर म्हणजे काय, हे तिच्या बाबांना समजावताना मी तिथे होते. बाबा अंगणात जाळ्याची फाटकी घरं सांधत बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे बजारात मासोया मांडतेत तसंच ना वो? कोनती वर ठिवाची, कोनती बाजूले?"

"हाव बा, तसंच," शालू म्हणाली, आणि हे ती पुढे मोठमोठ्या व्याख्यानांत सांगायची, टाळ्या पडायच्या. मला तिच्या त्या बाबांचाही हेवा वाटला. माझ्या बाबांनी माझी चित्रं कधी पाहिली असतील तर ती भिंतीवर खिळा ठोकताना.

खबरबात सुरू झाली ती बडोद्यातून. आधी हाताने लिहून झेरॉक्स काढलेली, मग मेलवर. वर्षातून दोन-तीनदा, ओळखीच्या सगळ्यांना एकच. तिचे दोन भाग असायचे, 'घरचं' आणि 'कामाचं'. 'कामाचं'मध्ये, कोरियाच्या प्रदर्शनासाठी निवड झाली. 'घरचं'मध्ये, मुंगसाने खुराड्यातली कोंबडी नेली. दोन्ही एकाच सुरात. शेवटी नेहमी एक वाक्य, 'आता तुमचं कळवा.' लोक कळवत असत. मी कधीच कळवलं नाही. काय कळवणार? एलिमेंटरीच्या परीक्षेला बावन्न मुली बसवल्या, हे? मी आधी 'कामाचं' वाचायची, जळायची, आणि 'घरचं'वरून नुसती नजर फिरवून मेल बंद करायची. गेल्या वर्षभरात त्या 'घरचं'मध्ये तिने तीनदा आपल्या पोटदुखीबद्दल लिहिलं होतं, तपासण्यांबद्दल, नागपूरच्या दवाखान्याच्या खेपांबद्दल. हे मी आता वाचलं. तेव्हा माझं लक्ष तिच्या पुस्तकाच्या प्रकाशनाकडे होतं.

आता जे सांगायचं आहे, त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. सहा-सात वर्षं झाली असतील. मूलला तिच्या पुतणीचं लग्न होतं. हळदीच्या गर्दीत शालू माझा हात धरून मला बाजूला घेऊन गेली.

"वने, तुह्यं काई कळतच नाई. काऊन नाई लिहत तू? सध्या काय करून राह्यली?"

ती मनापासून विचारत होती, याचाच मला राग आला. मी म्हणाले, "दोन चित्रं लागून राह्यली मुंबईले." आणि एका मोठ्या गॅलरीचं नाव घेतलं. तिथे शालूचं चित्र कधी लागलं नव्हतं, हे मला बरोबर ठाऊक होतं. तिचा एकेक पुरस्कार मला तिच्यापेक्षा जास्त पाठ होता.

ती क्षणभर नुसती बघत राहिली. मग तिने मला मिठीच मारली. तिच्या हाताची हळद माझ्या पाठीला लागली.

महिनाभराने खबरबात आली. 'कामाचं'मध्ये पहिली ओळ तिच्या कामाची नव्हतीच. 'माझी मैत्रीण वनिता हिची दोन चित्रं मुंबईत लागली आहेत, जमेल त्यांनी जरूर पाहावीत.' त्या यादीत आमच्या शाळेतून बदलून गेलेल्या एक बाई होत्या, त्यांनी मुख्याध्यापकांना कळवलं. माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. तो नारळ काही माझ्याने फोडवला नाही, देवळात देऊन आले. पुढचे कित्येक दिवस फोन वाजला की वाटायचं, शालू आहे, विचारणार. पण तिने कधीच विचारलं नाही. पुढच्या खबरबातीतही त्याबद्दल काही नव्हतं. म्हणजे विसरली, असं मी धरून चालले. सुटले म्हणून आनंद व्हायला हवा होता, तर उलटंच झालं. माझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, मग भले खोटी का असेना, तिला लक्षातसुद्धा ठेवण्याजोगी वाटली नाही, याने मी आणखी जळले.

तिच्या जाण्याला तीन आठवडे झाल्यावर मी तिच्या गावी गेले. नोकरीतून लवकर मोकळी होऊन तिने तळ्याच्या बाजूला कामाची खोली बांधली होती. दिनकरभाऊंनी ती जशीच्या तशी ठेवली आहे. टेबलावर तिचा चष्मा, खाली तिच्या चपला, कोळशाच्या कांड्या मापाप्रमाणे लावलेल्या. भाऊंनी कोरा चहा केला. मी कप हातात धरून बसले होते, आणि एकाएकी माझ्या तोंडून ते निघून गेलं. "भाऊ, एक विचारू? शालूला कधी कुणाचा हेवा वाटला का हो?"

भाऊ हसले. "एकडाव वाटला. तुमचाच."

"माझा?"

"तुमची चित्रं मुंबईले लागली ना, तवा. लग्नाहून घरी आली न् दोन दिवस माह्याशी धड बोलली नाई. म्हने, मी इतके वर्सं झटून राह्यली, मले तिथी कोनी बोलावलं नाई, अन् वनी वरोऱ्यात बसून पोचली. मंग तिची तिलेच लाज वाटली. खबरबातीत सगळ्यात वर तुमचं नाव घातलं. म्हने, असं मनात येऊन राह्यलं तं जाऊन पाह्यलंच पाह्यजे. रिझर्वेशन करून गेली जी मुंबईले, खास तेवढ्यासाठी."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. आयुष्यभर मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि असं मिळालं होतं.

"मग? काय म्हणाली येऊन?"

"लय खूश होऊन आली. म्हने, वनीची रेघ हाये थे हायेच. एक चित्र तं तिनं मले पूरं सांगतलं. कारखान्याच्या क्वार्टरापुढं तुळस हाये, तिच्या पानायवर सिमिटाची धूळ, अन् एक पोरगी एकेक पान फडक्यानं पुसून राह्यली. पुसलेले पानं हिरवे, बाकी सारी तुळस पांढरी. बरोबर ना?" भाऊ माझ्याकडे मोठ्या कौतुकाने पाहत होते. "मले एकदा पाह्याचं हाये जी थे चित्र. आना ना कधी."

ती पोरगी मीच. आईने सांगितलं म्हणून रोज सकाळी पुसायची मी ती पानं. कॉलेजात असताना कधीतरी शालूला बोलले असेन. त्याचं चित्र काढावं, हे मला कधी सुचलं नव्हतं.

"भाऊ," मी म्हणाले, "मी ते चित्र काढलेलंच नाही. माझी चित्रं कधीच मुंबईला लागली नाहीत. मी खोटं बोलले होते."

मला वाटलं, भाऊ रागावतील. पण ते रागावले नाहीत. नुसतं गोंधळून त्यांनी विचारलं, "मंग तिनं काय पाह्यलं जी?"

ज्यांना ज्यांना ती खबरबात गेली होती, त्या सगळ्यांना मी आज इथे सांगते आहे की ती ओळ खोटी होती आणि ते खोटं माझं होतं. शालूला ते मुंबईत त्या गॅलरीतच कळलं होतं, आणि तिने ते आपल्या नवऱ्यालाही कळू दिलं नाही.

वरोऱ्याला परत आल्यापासून रोज शाळेतून आले की मी कागद घेऊन बसते आहे. तुळस काढते, फडकं काढते, धूळ काढते. अकरा कागद झाले. तिने भाऊंना सांगितलं तसं एकही उतरलेलं नाही. तिचं ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे आहे, आणि खरं सांगायचं तर मला तिचा अजून हेवा वाटतो.