कमलचं मोसंबीचं झाड

माझी बायको फार वाईट शेतकरी होती.

हे मी तिच्या तोंडावर उभा जन्म म्हणत आलो, आज फेसबुकवर म्हणतो.

आज कमलला जाऊन वर्ष झालं.

ती गेली आणि मुलगी मला संभाजीनगरला घेऊन गेली. काल बसने भोकरदनला उतरलो. तिथून रवीने, म्हणजे माझ्या मुलाने, मोटारसायकलवर गावी आणलं.

रस्त्यात तो म्हणाला, "बाबा, बाग ताणावर हाय. महिना होत आला पाणी तोडून."

मी नुसतं बरं म्हणालो. जे विचारायचं होतं, ते विचारायची हिंमतच झाली नाही.

तुझ्या आईचं झाड जिवंत आहे का रे?

शेती माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. आमच्याकडे मोसंबीला हिवाळ्यात ताण देतात. महिनाभर पाणी बंद. पानं मलूल होतात, थोडी गळतात, झाडाकडे बघवत नाही. मग खत घालून पाणी सोडलं की अख्खी बाग फुलावर येते. पाणी तोडलं नाही तर झाड हिरवंगार दिसतं, पण बहार धड धरत नाही.

कमल मजुरी करणाऱ्या घरातली. मोसंबीची बाग तिने लग्नानंतरच पाहिली.

नवीन संसार होता. मी धावड्याला मावसभावाच्या लग्नाला गेलो होतो. परत येऊन बघतो तर विहिरीवरची मोटर चालू, आणि बाईसाहेब पदर खोचून आळ्यांत पाणी सोडतायत. दोन ओळी भिजवूनसुद्धा झालेल्या!

मी ओरडलो, "आगं, काय करून राह्यली? बाग ताणावर हाय!"

"झाडं माना टाकून राह्यलेत. तुम्हाला दिसत न्हाई का?"

"मुद्दाम तोडलंय पाणी. त्याबिगर फुलं येत न्हाईत."

तिने मोटर काही बंद केली नाही. शांतपणे म्हणाली, "तुम्हाला महिनाभर बिनपाण्याचं ठेवते. मंग बघू किती फुलं येतेत."

शेजारच्या बांधावर नामदेवदादा उभे होते. त्यांनी हे गावभर केलं. पुढे कितीतरी वर्षं लोक माझ्या बागेला "कमलवहिनीची पाणपोई" म्हणायचे.

त्या दोन ओळींचा बहार गेला तो गेलाच. मी फुगून बसलो. तिने समजूत काढायची सोडून उलट मलाच अट घातली.

"बाग तुमची. विहिरीजवळचं एक झाड माझं. त्याचं पाणी कधीच तोडायचं न्हाई."

पुढे आम्ही बाग मोडून नवी लावली, पण ते झाड तिथेच राहिलं. कमल रोज सकाळी त्याला एक घागर पाणी घालायची.

पावसाळ्यातसुद्धा! वरून पाऊस, खाली कमल.

माल बघायला आलेला व्यापारी दरवर्षी म्हणायचा, "दादा, हे झाड काढून टाका. खालीपिली जागा अडवून बसलंय."

त्याला बहार असा कधी आलाच नाही. पण बारा महिने पानांआड दोन-चार मोसंब्या असायच्याच. त्या कधी बाजारात गेल्या नाहीत. कोणाचं पोर तापलं, कोणाची सून पोटुशी राहिली, की कमल पदरात मोसंबी घेऊन निघालीच.

घरातही तिचं तेच.

रवी बारावीला नापास झाला तेव्हा मी त्याच्याशी बोलणं सोडलं. जिरल्याशिवाय पोरगं सुधारणार नाही, हे माझं ठाम मत. कमलने त्याच्यापुढे गरम भाकरी वाढली आणि मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली,

"जेव रे बाळा. आपल्याला काय तुझा बहार धरायचा हाय?"

पोरगं रडता रडता हसलं. मलाही हसू आलं, म्हणून मी पेपर तोंडासमोर धरला.

मी माणूस कडक. माझ्या दारात लोक आले, बसले, जेवून गेले, ते केवळ तिच्यामुळे. मुलं माझ्याशी अजून मोकळं बोलतात, तेही तिच्यामुळेच.

मागच्या हिवाळ्यात तिचं जेवण सुटलं. काही गिळवेना. तेव्हाही बाग ताणावर होती. एका दुपारी म्हणाली, "माझ्या झाडाला काही हाय का, बघा बरं."

गेलो. एकच होती, अर्धी हिरवी, अर्धी पिवळी. रस काढून चमच्याने पाजला. दोन चमचे घेतले आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"वाईट शेतकरी म्हणता न मला?"

"म्हणतोच. बिलकुल वाईट."

हसली. नंतर मी तिला हसताना पाहिलं नाही.

आज सकाळी घरी बुद्धवंदना झाली. पाहुणे यायच्या आत मी घागर घेऊन एकटाच बागेत गेलो. झाड जुनं, त्यात महिनाभर पाणी तुटलेलं. वाळलं असेल, अशी मनाची तयारी करूनच गेलो.

सगळी बाग मलूल. रवी माझ्याच हाताखाली शिकलाय, काम बराबर करतो.

आणि विहिरीजवळ एक झाड हिरवंगार.

वाकून आळ्यात हात घातला. माती ओली होती.

रवी मागून आला. मी विचारलं, "तू घालतो पाणी?"

"रोज एक घागर."

मग जरा ओशाळून म्हणाला, "पावसाळ्यात बी घातलं, बाबा. आई घालायची म्हणून."

मी तिथेच बसलो आणि पोटभर रडलो. दुःखाने नाही. किती चांगलं मिळालं आपल्याला, म्हणून रडलो.

मग माझीही घागर ओतली. जास्त झालं असेल पाणी. होऊ दे.

पानांआड एक मोसंबी सापडली. ती आत्ता तुझ्या फोटोपुढे ठेवली आहे, कमल.

तू गेलीस, पण घरात एक वाईट शेतकरी ठेवून गेलीस.

आजपासून दोन.

संसार गोड केलास. तुला माझा कृतज्ञ जयभीम.