आप्पांची खडीसाखर

निपाणीच्या आमच्या आप्पांशी वाद घालणं अवघड होतं. समोरच्याने तोंड उघडलं, की ते त्याच्या हातावर खडीसाखर ठेवत. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, मुद्देसूद बोलायची सवय. पण साखर चघळत कसले मुद्दे मांडणार?

बाळांनो, आश्रमात औषधांच्या कपाटावर हार घातलेला फोटो कुणाचा, असं तुम्ही फोनवर विचारलंत. तो आप्पांचा. विड्या वळून म्हाताऱ्या झालेल्या, मागे कुणी नसलेल्या बायकांना त्यांनी छप्पर दिलं, दोन वेळचं जेवण दिलं. गावाने त्यांना देव केलं. आणि देवाला 'तुमचं चुकतंय' असं कोण सांगणार?

चुकत तर होतं. "दुखणं म्हंजे देवाचा प्रसाद, आक्का. त्यो नाकारायचा नसतोय," असं ते मला म्हणत. डॉक्टर फुकट देऊन गेलेल्या गोळ्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली आप्पांच्या कमरेला. वर्षानुवर्षं मांडी घालून विड्या वळलेल्या गंगाक्काचे गुडघे असे धरले होते, की मोरीपर्यंत जाताना ती भिंतीला धरून रडायची. मी दर शनिवारी भांडायला जायची आणि तोंड गोड करून परत यायची.

मग आप्पांची दाढ दुखू लागली. देवाचा हा प्रसाद त्यांना एक दिवस पुरला. दुसऱ्या दिवशी पहिल्याच बसने ते कोल्हापूरला गेले आणि दाढ काढून, सुजलेला गाल घेऊन परतले. बायका पाया पडायला दारात आल्या. गंगाक्का भिंत धरत धरत पुढे झाली.

"आप्पा, तुमचा परसाद कुठं हाय? कोल्हापुरात वाटून आलासा व्हय?"

तिने पदराची गाठ सोडून खडीसाखर पुढे केली. "घ्या, तोंड गोड करा."

आप्पा हसायला गेले आणि कळवळले. "लई दुखतंय गं," म्हणाले, आणि कमरेची किल्ली त्यांनी तिच्या हातात दिली.

प्रवचनात दुखण्याचा प्रसाद मात्र शेवटपर्यंत चालू होता. प्रवचन संपलं, की गंगाक्काकडे हळूच गोळी मागत.

आप्पा गेले तेव्हा सगळ्यांत जास्त तीच रडली. भक्तांना फोटो देवघरात हवा होता. डोळे पुसत ती म्हणाली, "तिथं नगं. हितं लावा, कपाटावर."

अजूनही रोज सकाळी ती फोटोपुढे खडीसाखर ठेवते आणि कुलूप काढते.

"बघा आप्पा, उघडलं."