पिवळ्या साड्यांचा पांढरा व्हिडिओ

आमच्या न्यूज पोर्टलच्या डेस्कवर त्या बटणाला ‘फेशियल’ म्हणत. ते एका ऑनलाइन टूलमधलं बटण होतं. व्हिडिओ चढवायचा आणि ते दाबायचं. टूल आपल्या अकलेने रंग दुरुस्त करायचं, चेहरे उजळायचं, कातडीवरचे डाग पुसायचं. पुढाऱ्याची पत्रकार परिषद असो की पाचोडच्या बाजारातले कांदे, फेशियल झाल्याशिवाय काही बाहेर जात नसे. एका अपघातातल्या जखमीच्या गालावरचं रक्तही त्याने पुसट केलं होतं. डेस्कप्रमुखाला त्यात वावगं वाटलं नाही. “नाहीतरी ब्लर करावंच लागलं असतं,” तो म्हणाला.

मी बातमीदार होतो. व्हिडिओ काढून पाठवायचा, तिथे माझं काम संपायचं.

मे महिन्यात मुकुंदवाडीतल्या एका बाईंचा फोन आला. घराच्या दारातच शिलाई मशीन टाकून त्या ब्लाऊज शिवत. त्यांच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येई, आणि तेही पिवळं, वास मारणारं. महापालिकेकडे त्यांनी अनेकदा तक्रार केली होती. दर वेळी ‘तक्रार निकाली काढली’ असा मेसेज येई.

मी गेलो तेव्हा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरीवर साड्या वाळत होत्या. बुद्धपौर्णिमा जवळ आली होती. विहारात नेसायच्या पांढऱ्या साड्या बायकांनी धुवायला काढल्या होत्या आणि त्या पाण्याने सगळ्या पिवळट पडल्या होत्या.

“बाटलीत पाणी भरून नेलं तर साहेब म्हणतो, माती तुम्हीच कालवली,” बाई म्हणाल्या. “आता साडीत मी काय कालवणार? घ्या, दाखवा सगळ्या गावाला.”

मी त्यांना साड्यांसमोर उभं करून व्हिडिओ काढला. माझ्या मोबाईलमध्ये पिवळेपणा स्वच्छ दिसत होता. तिथूनच तो डेस्कला पाठवला.

संध्याकाळी पोर्टलवर मथळा होता, ‘दूषित पाण्यामुळे साड्या पिवळ्या’. खालच्या व्हिडिओतल्या साड्या साबणाच्या जाहिरातीत असतात तशा पांढऱ्याशुभ्र होत्या. पडदाभर तेच कापड असल्यामुळे टूलने त्यालाच पांढरं धरलं होतं आणि बाकी सगळे रंग त्या हिशेबाने हलवले होते. मागची भिंत निळसर पडली होती. सावळ्या बाई गोऱ्या झाल्या होत्या. त्यांच्या कपाळावरच्या आठ्याही गेल्या होत्या. अशा गुळगुळीत चेहऱ्याने त्या पाण्याबद्दल ओरडत होत्या.

खाली कमेंटना ऊत आला होता. ‘ताई, पावडर कोणती?’ ‘आमच्याकडं फिल्टरच्या पाण्यात पण एवढं पांढरं निघत नाय.’ ‘ओव्हरॲक्टिंग लई झाली.’

डेस्कप्रमुखाला मी मूळ व्हिडिओ टाकायला सांगितलं.

“वेड लागलंय का? लोक धडाधड शेअर करतायत.”

“तिला खोटी म्हणतायत, सर.”

“म्हणू दे. मूळ टाकला तर आपल्याला खोटं म्हणतील. मालकांना तू सांगणार आहेस का?”

मालकांना मी सांगितलं. त्यांनी डेस्कप्रमुखाशी बोलायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंबरोबर वॉर्ड कार्यालयात गेलो. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याने आमचाच व्हिडिओ लावून मोबाईल टेबलावर उभा केला होता.

“काय बाई, नळाला दूध येतंय की तुमच्याकडं! माझे शर्ट पाठवू का धुवायला?”

शेजारचा कारकून खो-खो हसला. मी माझ्या मोबाईलमधला मूळ व्हिडिओ पुढे केला. अभियंत्याने तो शेवटपर्यंत पाहिलासुद्धा नाही.

“हा रंगवलेला. आजकाल मोबाईलवर काय पण बनवता येतं. छापला कोणता तुम्ही? पांढरा ना? मग विषय संपला.”

तक्रार पुन्हा निकाली निघाली. शेऱ्यात आमच्या व्हिडिओची लिंक होती.

बाई माझ्या पुढे चालत बाहेर आल्या. रिक्षा स्टँडपाशी मात्र थांबल्या.

“आधी कुणी ऐकत नव्हतं, भाऊ. आता हसत्यात. ह्येच्यासाठी बोलवलं व्हय तुमाला?”

“चूक डेस्कची आहे.”

“मी डेस्क बघितला नाय. तुमाला बघितलं.” मग त्या जास्तच भडकल्या. “आन् ती बाई कोण व्हती त्याच्यात? माझ्या आईनं मला वळखलं नाय. एवढं गोरं करायला मी काय लग्नाला उभी हाय?”

बुद्धपौर्णिमेला नव्या साड्या घ्यायच्या असं गल्लीतल्या काही जणींनी ठरवलं होतं. बाईंनी घरोघर जाऊन ते मोडून काढलं. ह्याच नेसायच्या, त्या म्हणाल्या. पौर्णिमेला विहारापासून फेरी निघाली तेव्हा पांढऱ्या रांगांमध्ये त्यांच्या गल्लीची रांग तेवढी पिवळी होती. एक म्हातारे गृहस्थ जवळ आले, पदर चिमटीत धरून पाहिला आणि विचारलं, “हे काय, बाई?”

“नळाचं पाणी, बाबा.”

त्यांच्यामागे आणखी लोक आले. फेरीच्या पुढे फोटोसाठी वॉर्डातले पुढारी चालत होते. त्यांनाही बोलावून पदर हातात दिला गेला. तो रंगवलेला आहे, असं तिथे कुणाला म्हणता आलं नाही.

त्याच आठवड्यात महापालिकेने गल्ली खोदली. आत गंजून चाळण झालेली लोखंडी पाइपलाइन निघाली, गटाराला चिकटून गेलेली.

मी मोबाईल काढला, तशा बाई मशीनवरून उठून आल्या.

“खिशात ठिवा त्यो.”

अभियंत्यालाही काम पूर्ण झाल्याचा फोटो तक्रारदारासोबत हवा होता. “या ना ताई, हसा जरा.”

“तुमचे शर्ट धुवायचं राह्यलंय माझं,” असं म्हणून त्या आत गेल्या. अभियंत्याने एकट्यानेच खड्ड्याजवळ उभं राहून फोटो काढून घेतला.

फेरीचा मी पाठवलेला फोटोही पोर्टलवर फेशियल होऊन गेला होता. त्यात एकही साडी पिवळी नव्हती. पाइप बदलल्याची बातमी डेस्कने ‘आमच्या बातमीचा दणका’ म्हणून चालवली आणि सोबत तोच पांढरा व्हिडिओ जोडला. बाईंनी मला फोन करून एवढंच विचारलं, “त्यो काढून टाकणार का नाय?”

मी डेस्कप्रमुखाला पुन्हा विचारलं. “दणक्याचा व्हिडिओ कोण काढून टाकतं?” तो म्हणाला. मी ते बाईंना कळवलं. त्यांनी फोन ठेवला.

गल्लीत आता साड्या पांढऱ्या निघतात. तो व्हिडिओ अजून तसाच आहे.